कासव आणि साप एकाच गटात कसे? सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रकार कोणते?

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला: कासवाला चार पाय, सापाला एकही नाही, मग दोघंही सरपटणारे कसे? पायांवरून हा गट ठरतच नाही. खवल्यांची कोरडी कातडी, जन्मापासून फुप्फुसांनी श्वास, अंगाला लागणारी ऊब उन्हातून घ्यायची आणि अंडी जमिनीवर घालायची, या त्यांच्या खुणा. (घोणशीसारखे काही थेट पिल्लं देतात, तेवढा अपवाद धरा.) बेडूक इथेच वेगळा पडतो.

आज या प्राण्यांचे चार गट आहेत. सगळ्यांत मोठा पाली, सरडे आणि सापांचा. साप हा सरड्यांच्याच वंशातला, पाय गेलेला. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन नख्या दिसतात, त्या मागच्या पायांच्या उरलेल्या खुणा.

हा गट बघायला नागपुरात लांब जावं लागत नाही. भिंतीवर पाल, कुंपणावर सरडा, पालापाचोळ्यात सापसुरळी, शहराबाहेर शिवारात घोरपड. पावसाळ्यात कुंडी सरकवली की कधीकधी गांडुळासारखा काळपट, चकचकीत वाळा निघतो. तो बिनविषारी साप आहे, जेमतेम वीतभर. त्याच्यात सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात! मुलीला पहिला साप दाखवायचा तर हाच दाखवा. सापसुरळीला मात्र लोक विषारी समजून ठेचतात, ते बघवत नाही. तिच्यात विष नाही.

दुसरा गट कासवांचा. कासवाचं कवच हे त्याचं घर नव्हे, तर त्याचाच सांगाडा. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जडलेल्या असतात. आपल्या विदर्भात कासवं किती जुनी आहेत बघा: चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या हाडांसोबत कासवांचेही जीवाश्म सापडले आहेत. मुलीनं हट्ट धरला तरी चांदणी कासव विकत आणू नका, ते पाळणं कायद्यानं गुन्हा आहे.

तिसरा गट मगरींचा. भारतात गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि सुसर अशा तीन जाती आहेत. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात गोड्या पाण्यातल्या मगरी आहेत. मगरीच्या हृदयाला चार कप्पे असतात आणि आजच्या प्राण्यांत तिचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत, सरडे नाहीत. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं.

चौथ्या गटात टुआटारा हा एकच प्राणी उरलाय, तोही फक्त न्यूझीलंडमध्ये. दिसतो सरड्यासारखा, पण सरडा नाही.

मुलीला घेऊन हे सगळं बघाल तेव्हा दुरूनच बघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची चित्रं तिला आधी ओळखता येऊ द्या. घरात साप निघाला तर मारू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कुणाला चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट मेडिकल किंवा मेयो हे नागपुरातलं सरकारी रुग्णालय गाठा.