तुमचे प्रश्न : स्वतः खेळायचं सोडून दुसऱ्यांचं खेळणं काय बघतात ही मुलं?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. मुलुंडहून दादरला क्लासला जाताना ट्रेनमध्ये, घरी आला की जेवताना, सतत माइनक्राफ्टचे व्हिडिओ. गेम त्याच्याकडे आहे पण स्वतः खेळतो कमी आणि कोणा परदेशी लोकांच्या सिरीज बघतो जास्त. एकच प्रसंग दोन-तीनदा बघताना पण पाहिलंय मी. विचारलं की म्हणतो, आई तुला नाही कळणार. एवढं काय असतं हो त्यात?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, तोच प्रसंग दोन-तीनदा बघतो असं लिहिलंत ना, सगळी गंमत त्यातच आहे. बहुतेक तो तोच व्हिडिओ परत बघत नाहीये, तोच प्रसंग दुसऱ्या खेळाडूच्या बाजूने बघतोय. या सिरीजमध्ये दहा-पंधरा किंवा जास्त क्रिएटर एकाच सर्व्हरवर म्हणजे एकाच जगात राहतात आणि प्रत्येक जण आपापल्या चॅनेलवर आपला वेगळा व्हिडिओ टाकतो. एकाच्या व्हिडिओत तो निवांत घर बांधतोय, गप्पा मारतोय, आणि दुसऱ्याचा व्हिडिओ लावला तर त्याच वेळी दोघं जण त्याच घराखाली खणून टीएनटी भरतायत. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही पण आपल्याला माहितीये, मग पोटात गोळा येणारच ना. म्हणून मुलं एका भागासाठी चार चॅनेल फिरतात.

मुळात या गेमला अशी काही स्टोरी नाहीये. मोजांग या स्वीडनच्या कंपनीने 2011 मध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला, चौकोनी ठोकळ्यांचं जग, खाणी खोदा, घर बांधा, रात्री राक्षस येतात त्यांच्यापासून जीव वाचवा, बस. बाकीचे नियम खेळणाऱ्यांनी लावायचे, जसं आपल्या बिल्डिंगखालच्या क्रिकेटमध्ये वन टप्पा आउट आणि तळमजल्याच्या काकूंच्या खिडकीत बॉल गेला की आउट. 2012 ला हर्मिटक्राफ्ट नावाची सिरीज सुरू झाली, ती अजून चालू आहे, त्यात मारामारी कमी आणि दुकानं, मोठमोठी बांधकामं, एकमेकांच्या खोड्या काढणं जास्त. मग 2021 ला ग्रियान नावाच्या क्रिएटरने थर्ड लाइफ काढली आणि एकच साधा नियम टाकला : प्रत्येकाला तीनच जीव. पहिला हिरवा, दुसरा पिवळा, तिसरा लाल, आणि लाल झालात की तुम्ही सगळ्यांचे शत्रू, तिसराही गेला की कायमचे बाहेर.

आता या एका नियमाने काय होतं बघा. सुरुवातीलाच ग्रियानने मस्करीत स्कार नावाच्या मित्राकडे एक क्रीपर (जवळ येऊन फुटणारा हिरवा राक्षस) आणून सोडला आणि स्कारचा एक जीव गेला. ग्रियानला वाईट वाटलं, त्याने भरपाई म्हणून स्कारची साथ द्यायचं कबूल केलं. मग हे दोघं वाळवंटात एकत्र राहिले, एकत्र लढले, आणि नेमके शेवटी उरले ते पण हेच दोघं, जिंकणार मात्र एकच. तर त्यांनी काय केलं, तलवारी बाजूला ठेवल्या, निवडुंगाचं रिंगण केलं आणि आत उभं राहून नुसत्या मुठींनी लढले. ग्रियान जिंकला आणि त्यानंतर त्याने स्वतःच उंचावरून उडी मारून आपलाही जीव संपवला, अर्थात गेममधला. हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं, आठवड्यामागून आठवडे खेळता खेळता ती दोस्ती तशी झाली आणि बघणारा पहिल्या दिवसापासून तिचा साक्षीदार होता. मला स्वतःला हे मनापासून आवडतं. सगळ्या सिरीज अशा नसतात हां, 2020 ला सुरू झालेल्या ड्रीम एसएमपी (एसएमपी म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा सर्व्हर) या सिरीजमध्ये बऱ्याच कथा आधी ढोबळ ठरवलेल्या असायच्या, ते जास्त नाटकासारखं होतं.

जेवताना फोन बंद, हे तुम्ही सांगाच. पण एकदा त्याला विचारा, तू कोणाच्या बाजूने आहेस आणि का. बघा किती बोलतो ते.

प्रश्न : आम्ही परळचे पाच मित्र, आमचा पण सर्व्हर आहे. दरवेळी दोन आठवड्यांत सगळे हिऱ्यांचं चिलखत घालून बसतात आणि मग कोणी येतच नाही. काय करू?
– एक कॉलेजकुमार

उत्तर : अरे जग फार मोठं ठेवलंयस तू, सगळे लांब लांब पांगतात मग कोणाची कोणाशी गाठच पडत नाही. थर्ड लाइफचं जग 700 बाय 700 ब्लॉकचं होतं, तुम्ही पाच जण आहात तर त्याहून लहान घ्या, जावा एडिशनमध्ये (गेमची कॉम्प्युटरवरची एक आवृत्ती) जगाची हद्द ठरवायला वर्ल्डबॉर्डरची कमांड आहे. काहीतरी दुर्मीळ ठेवा, उदाहरणार्थ अख्ख्या जगात एन्चांटिंग टेबल (हत्यारं-चिलखतांना जादुई ताकद देणारं टेबल) एकच, मग बघ भांडणं, तह, लाच सगळं आपोआप सुरू होतं. आणि वार ठरवा, शनिवारी रात्री सगळे एकत्र नाहीतर सर्व्हर बंद, एकट्याने मधेच जाऊन खाणी खणायच्या नाहीत. कोण जावावर आणि कोण मोबाइलवर बेडरॉक ही दुसरी आवृत्ती खेळतं ते आधी विचार, ती दोन थेट जुळत नाहीत. वर्ल्डचा बॅकअप दर आठवड्याला घे.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझा दादा म्हणतो या सिरीज मुलांच्या असतात, मुली त्यात नुसत्या बघायला. खरंय का?
– बोरिवलीची एक वाचक

उत्तर : अजिबात नाही. दादाला 2022 ची डबल लाइफ दाखव, वर सांगितलेल्या थर्ड लाइफच्याच पठडीतली. त्यात दोन-दोन जणांचा जीव जोडलेला होता, एकाला लागलं की दुसऱ्याला पण लागायचं. ऑस्ट्रेलियाच्या पर्लला तिचा जोडीदार स्कॉट सुरुवातीलाच सोडून क्लिओबरोबर गेला, ही आपल्या कुत्रीला घेऊन एकटी राहिली, सगळे तिला घाबरायला लागले, आणि ती सिरीज पर्लच जिंकली. हर्मिटक्राफ्टमध्ये पण पर्ल, क्लिओ आणि कॅनडाची जेम आहे, जेमची बांधकामं तर आवर्जून बघ. आधी पर्लच्या चॅनेलवरून बघ आणि मग स्कॉटच्या.