तीनाला पाच

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पीयूचा, म्हणजे बारावीचा, रिझल्ट लागला त्या दिवशी तू फोनवर रडलीस, आणि कर्नाटकच्या प्रवेशपरीक्षेचे, सीईटीचे, मार्क सांगताना हसू आवरेना. दोन्ही आकडे एकाच पोरीचे आहेत यावर तुझ्या बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून सेकंड पीयूला ३०० पैकी १८९ आणि सीईटीला १८० पैकी १२६. "एवढं येतंय तर बोर्डात काय धाड भरली?" हे ते मला तीनदा विचारून गेले. तिसऱ्या वेळी चहाही घेतला नाही.

आधी हिशेब. इंजिनिअरिंगची रँक काढताना निम्मं वजन पीयूच्या तीन विषयांना आणि निम्मं सीईटीला. तुझे ६३ आणि ७०, म्हणजे मध्यावर ६६.५. तुझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीला पीयूत ९४ टक्के आहेत आणि सीईटीत १८० पैकी फक्त ९०, तिचे होतात ७२. ती तुझ्या पुढे. तिला गाठायला तुला सीईटीत १४६ लागले असते, आणखी २०. ३०० आणि १८० यांचा भाव लावलास तर सीईटीचे तीन मार्क म्हणजे पीयूचे पाच. तीनाला पाच. हे गणित अकरावीतच कुणीतरी पोरांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यायला हवं, पण आपल्याकडे सगळे म्हणतात, "सीईटी बघ, बोर्डाचं काय एवढं नाही."

मग कुठे फक्त परीक्षेचेच मार्क बघतात? कॉमेडकेत, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेत. तिथे पीयूत ४५ टक्के असले की पुढे सगळं परीक्षेवर. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीतही तसंच, मेरिट पर्सेंटाइलवर लागतं. मी हे दोन्ही फॉर्म भरायला लावले तेव्हा "कशाला फुकट पैसे" म्हणाला होतात, आठवतंय? महाराष्ट्रात आपल्यासाठी एक वेगळी वाटही आहे. सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं ‘टाइप ई’ म्हणून महाराष्ट्राच्याच उमेदवारांत धरतात. खानापूर त्यात येतं. शाळा सीमाभागातली आहे याचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले आत्ताच करून ठेव. कॅप राऊंड (तिकडची प्रवेशाची फेरी) लागल्यावर मुख्याध्यापक नेमके गावाला गेलेले असतात. सांगलीचं वालचंद, कोल्हापूरचं केआयटी, ही नावं म्हणून तुझ्या यादीत राहू देत.

जेईईचं मात्र डोक्यातून काढ. पर्सेंटाइल चांगला असला तरी सुरतकलच्या एनआयटीला किंवा धारवाडच्या ट्रिपल आयटीला बारावीचे ७५ टक्के किंवा बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव, यातलं एक लागतं. तुझ्याकडे दोन्ही नाही. तो विषय संपला.

आता खरं बोलू. तू फिजिक्सच्या उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी मागवलीस आणि मला पाठवलीस, ते फार बरं केलंस. पाच मार्कांचा व्हीटस्टोन ब्रिजचा प्रश्न मी दोनदा बघितला. संतुलनाची अट सिद्ध करा, असं विचारलंय. तू चौकोन काढलास, त्यात गॅल्व्हानोमीटर काढला, बाणाची दिशा कुठेच नाही, आणि खाली थेट पी भागिले क्यू बरोबर आर भागिले एस. किरचॉफचे दोन लूप कुठे आहेत? गॅल्व्हानोमीटरमधून करंट शून्य, हे वाक्य कुठे आहे? तपासणाऱ्याने दोन मार्क दिले, तेही मोठ्या मनाने. पण हाच प्रश्न चार पर्याय देऊन विचारला तर तू वीस सेकंदांत टिक करशील. तुला येत नाही असं अजिबात नाही. तुला लिहायला नको वाटतं, आणि इंग्रजीत लिहायला तर हात चालतच नाही. दहावीपर्यंत ‘विद्युतधारा’ म्हणालीस, मग एका जूनमध्ये एकदम ‘करंट’. आपल्या भागातली निम्मी पोरं याच उंबऱ्याला अडखळतात, आणि त्यांना सांगितलं जातं की अभ्यास कमी पडला.

मला हे कसं कळतं? मीच त्यातला. १९९८ साली बेळगावात व्हीटीयू, आपलं तांत्रिक विद्यापीठ, सुरू झालं, आम्ही पहिल्या बॅचचे. सीईटीच्या जोरावर बऱ्या कॉलेजात शिरलो (नाव सांगत नाही, आता तिथे माझा पुतण्या शिकतो) आणि पहिल्याच वर्षी मॅथ्स उडालं. मॅथ्स! ज्यावर मी मिशीला पीळ देत होतो. एका सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुम्ही खानापूरवाले उत्तर स्वप्नात बघून येता काय?" वर्ग हसला. मला राग आला होता, अजूनही येतो. पण पेपरात मी पायऱ्या लिहिल्या नव्हत्या, हेही खरंच.

म्हणून सांगतो, कॉलेज निवडताना आत गेल्यावर पेपर कसा असतो ते आधी बघ. व्हीटीयूचा पेपर १०० मार्कांचा, तीन तास, पाच मॉड्यूल, प्रत्येकातून २० मार्कांचा एक पूर्ण प्रश्न. टिक करायला कुठे जागाच नाही. ते १०० नंतर ५० वर आणतात आणि उरलेले ५० कॉलेजच्या हातात, वर्षभराच्या टेस्ट आणि असाइनमेंटचे. बेळगावच्या गोगटेसारखं ऑटोनॉमस कॉलेज आपले पेपर आपणच काढतं, पण तिथेही लिहावंच लागतं. ज्या सीईटीने तुला गेटच्या आत सोडलं, ती आत कामाला येत नाही. (कन्नडचाही एक छोटा पेपर असतो. त्यात तू वर्गात पहिली येशील. बंगळुरूच्या इंग्रजी शाळांतली पोरं तुझ्या वह्या मागतील, बघ.)

तर ऑप्शन एंट्रीला, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी भरायला, बसशील तेव्हा सीईटी घेणाऱ्या केईएच्या साइटवरून मागच्या वर्षीच्या शेवटच्या राऊंडचा कटऑफ काढ, आणि जनरलच्या रकान्यात बघून घाबरू नकोस. तू आरक्षणाच्या ३बी गटातली, आणि पहिली ते दहावी गावातच, म्हणून तुझा रकाना ३बीआर, आर म्हणजे रूरल. मराठी माध्यमामुळे ‘के’ आपल्याला लागत नाही, तो कन्नड माध्यमाचा. मग यादी भरताना मिळेल न मिळेल याचा विचार न करता जे सगळ्यात हवं ते वर. कॉम्प्युटर वरून खाली येतो. वर स्वप्न ठेवल्याने खालचं हातचं जात नाही. मॉक अलॉटमेंट बघून मग काय हलवायचं ते हलव. यादी लांब कर. दहा नावं भरून "बास झालं" म्हणणारे शेवटच्या राऊंडला एजंटांचे फोन घेत बसतात. एजंटाचा फोन आलाच तर बाबांकडे देऊ नकोस, माझा नंबर दे.

कॉमेडकेचा रँक चांगला असेल, पण ती फी बघ. त्याच कॉलेजात, त्याच बाकावर एक पोरगी केईएच्या सीटवर आणि दुसरी कॉमेडकेच्या सीटवर कितीतरी जास्त फी भरून. त्यासाठी बाबा रानाचा तुकडा काढायच्या गोष्टी करतायत असं आईकडून कळलं. माझं स्पष्ट मत, नको. हुबळी-धारवाड किंवा इथलं उद्यमबागेतलं कॉलेज, हवी ती ब्रँच आणि केईएची फी, हे मिळालं तर बंगळुरूच्या नावाला भुलू नकोस. ते नाहीच जमलं तर कोल्हापूर-सांगली. बंगळुरूला नोकरीसाठी जायचंच आहे.

एकदा कुठल्याही वारी तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, उद्यमबागेत, जाऊन ये. कॉलेजच्या ऑफिसात नको, बाहेर चहाच्या गाड्यावर. सेकंड इयरच्या पोरींना विचार, पहिल्या सेमला वर्गातले किती उडाले आणि उडालेल्यांना कुणी बसवून शिकवतं का. प्लेसमेंटचे फलक सगळ्यांकडे असतात.

पीयू बोर्ड आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा घेतं. दुसरीला फिजिक्स देऊन टाक. मार्क वाढले तर बरंच, पण मला तुझ्या हाताची सवय हवी आहे. रविवारी सकाळच्या बसने ये. कोऱ्या कागदावर, काही न बघता, व्हीटस्टोन ब्रिज लिहायचा, बाणांसकट. नंतर जेवण, तुझी काकू मांडे मागवणार आहे.

येताना रूरलचा दाखला आण. बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, सही झालीय का तेवढं बघ. मागच्या खेपेला आणलास त्यावर नुसता शिक्का होता.

तुझा,
काका