दहावीच्या मुलांना संभाव्यतेची साधी उदाहरणं कशी शिकवावीत?

मुलीला सूत्र तोंडपाठ आहे, तरी दोन नाणी किंवा दोन फासे आले की उत्तर चुकतं, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मी कोल्हापुरात दहावीला गणित शिकवते आणि दरवर्षी हेच बघते. अनुकूल निष्पत्ती (आपल्याला हवे ते निकाल) भागिले एकूण निष्पत्ती (पडू शकणारे सगळे निकाल), एवढं कुणालाही येतं. घोटाळा होतो तो त्याच्या आधी, सगळ्या निष्पत्तींची यादी करताना. म्हणून माझा आग्रह असा की सुरुवातीला सूत्राला हातच लावू नका. नुसत्या याद्या करून घ्या.

दोन नाण्यांपासून सुरू करा. काय काय पडू शकेल असं विचारलं की वर्गातून हमखास उत्तर येतं, "तीनच की बाई! दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक छापा एक काटा." म्हणजे प्रत्येकाची संभाव्यता १/३. इथं लगेच "चूक" म्हणू नका. मुलीच्या हातात एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं द्या. वहीत चार ओळी आखायला सांगा: रुपया छापा–पाच छापा, रुपया छापा–पाच काटा, रुपया काटा–पाच छापा, रुपया काटा–पाच काटा. आता दोन्ही नाणी एकदम उडवायची आणि त्या त्या ओळीत ताळ्याची खूण करायची. कंटाळा येईपर्यंत उडवू दे. चारही ओळी साधारण सारख्याच भरत जातात, आणि "एक छापा एक काटा" यात दोन ओळी लपल्या होत्या हे तिला आपोआप दिसतं. मग दोन्ही नाणी रुपयाचीच घ्या आणि विचारा, आता नाणी सारखी दिसतात म्हणून काही बदललं का? हा प्रश्न गाळू नका, सगळं शिकणं तिथंच होतं.

मुलं "तीनच" म्हणतात म्हणून त्यांना ढ समजू नये. दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. दोन वेळा नाणं उडवून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्यानं १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात २/३ अशी मांडली होती. पहिल्यांदाच छापा आला तर खेळ तिथंच संपतो, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशी तीनच प्रकरणं त्यानं धरली. खरं उत्तर ३/४ आहे. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती उतरते.

यादी झाली की दुसरा प्रश्न: यातली प्रत्येक निष्पत्ती येण्याची शक्यता सारखीच आहे का? पुस्तकात याला समसंभाव्य म्हणतात आणि मुलं तो शब्द वाचून पुढं जातात. मी खासबाग मैदानातली कुस्ती घेते. एकीकडं गाजलेला मल्ल, दुसरीकडं कालपरवा तालमीत जायला लागलेलं पोरगं. निकाल दोनच, हा जिंकेल नाहीतर तो. मग पोरग्याची संभाव्यता १/२ का? कोल्हापूरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, सगळा वर्ग एकदम ओरडतो. "निकाल दोन म्हणून निम्मी-निम्मी" हे पुन्हा त्यांच्या तोंडून येत नाही.

हेच फाशांना लावा. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा उत्तरं, म्हणून प्रत्येकाची १/११, ही तीच चूक. सहा बाय सहाचा तक्ता तिला स्वतःला भरू द्या, तयार देऊ नका. ३६ घरांत १२ फक्त एकदा येतो आणि ७ सहा वेळा, तिरक्या रेषेत. फासे वेगळ्या रंगाचे असतील तर फारच चांगलं.

अंकांच्या उदाहरणात यादीची शिस्त लागते. ०, १, २, ३, ४ हे अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या तयार करा म्हटलं की मुलं सुचेल तशी लिहितात आणि दोन-तीन विसरतात, किंवा ०३ लिहून ठेवतात. दशकस्थानी १ ठेवून सगळ्या संपवायच्या, मग २, मग ३, मग ४. चार चोक सोळा. त्यात मूळ संख्या १३, २३, ३१, ४१, ४३, म्हणून ५/१६. लगेच विचारा, ११ च्या पटीतली संख्या मिळण्याची संभाव्यता किती? एकही नाही, म्हणून शून्य. अशक्य घटना व्याख्येपेक्षा अशी चांगली कळते.

पत्त्यांसाठी घरात खरा कॅट आणा आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशा चार रांगा जमिनीवर लावा. बऱ्याच मुलांनी पत्ते हातात धरलेले नसतात, त्यांना गणित नाही, पत्ते अडतात. एक्का चित्राचा पत्ता धरायचा नाही, हे सांगून ठेवा.

"किमान एक" आणि "जास्तीत जास्त एक" हे शब्द मात्र सावकाश घ्या. यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवून "ही चालेल का?" असं विचारत जा.

आणि एक. सलग चार छापे पडले की मुलं म्हणतात, आता काटा येणारच. नाण्याला मागचं काही आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच या गणितज्ञानं नाणं १०,००० वेळा उडवलं, छापे पडले ५,०६७. निम्म्याच्या जवळ, पण बरोबर निम्मे नाहीत. वहीतल्या खुणा बरोबर सारख्या आल्या नाहीत म्हणून मुलगी हिरमुसली तर तिला हा आकडा दाखवा.

एवढं झाल्यावर सूत्र लिहा. परीक्षेत नमुना अवकाश (म्हणजे आपली ती सगळ्या निष्पत्तींची यादी), त्यातल्या घटकांची संख्या, मग घटना (म्हणजे यादीतल्या हव्या त्या निष्पत्ती), असं पायरीपायरीनं लिहायची सवय लावा, पायऱ्यांना गुण असतात. उत्तर एकापेक्षा मोठं आलं तर खोडायच्या आधी यादी पुन्हा मोजायला सांगा.