मोसंबीची आई कोण आणि रोही कोणाच्या कुळातला?

दोन जीवांच्या डीएनएतल्या अक्षरांची ओळ, म्हणजे अनुक्रम, किती टक्के जुळली, यालाच नाते समजण्याचा घोटाळा पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो. शाळा-महाविद्यालयांतून येतो तसा बागायतदारांकडूनही येतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.

रोही (नीलगाय) घोड्याच्या कुळातला की गाईच्या? गावात दोन्ही मते आहेत. (विद्यार्थी, दारव्हा)

गाईच्या. रोह्याचा खूर दुभंगलेला असतो आणि तो रवंथ करतो. घोड्याचे तसे नाही. जनुकेही हेच सांगतात. मायटोकाँड्रियातले (पेशीतल्या ऊर्जाघरातले) सायटोक्रोम बी हे सुमारे ११४० अक्षरांचे जनुक घेऊन वंशवृक्ष काढला, तर रोह्याची जोडी चौशिंग्याशी जमते. ही जोडी गाय-म्हशीच्या फांदीत बसते, काळवीट आणि शेळी त्या फांदीबाहेर राहतात. स्वतः करून पाहायचे असेल तर बाहेरचा गट म्हणून चितळ घ्या. बाहेरचा गट नसेल तर वंशवृक्षाला मूळ मिळत नाही आणि आधी कोण फुटले ते कळत नाही. त्यासाठी घोडा घेऊ नका. तो इतका लांबचा आहे की एकाच जागेवरचे अक्षर अनेकदा बदललेले असते.

बीटी कपाशीतले एक जनुक ब्लास्टवर (अनुक्रम जुळवून पाहणाऱ्या संगणक प्रणालीवर) टाकले, तर ते जीवाणूशी जुळले. मग दोघांचे नाते आहे का? (आर्वी)

नाही. बीटी कपाशीतले क्राय१एसी हे जनुक बॅसिलस थुरिंजेन्सिस या जीवाणूतले आहे आणि ते प्रयोगशाळेत कपाशीत घातलेले आहे.

माणसाचा डीएनए चिंपांझीशी ९८ टक्के आणि केळीशी ५० टक्के जुळतो, हे खरे का? (शिक्षक, चिखली)

मोबाइलवर फिरणारे हे दोन आकडे कृपा करून फळ्यावर शेजारी शेजारी लिहू नका. दोन्हींत मोजलेली गोष्टच वेगळी आहे. चिंपांझीचा जिनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जे भाग एकमेकांसमोर नीट लावता आले, त्यांत अक्षरबदल सुमारे १.२ टक्के निघाले. गळलेले आणि शिरलेले तुकडे धरले की फरक वाढतो. केळीच्या आकड्यात अक्षरे मोजलेलीच नाहीत. माणसाच्या किती जनुकांना केळीत ओळखू येईल असे भावंड आहे, याचा तो ढोबळ हिशेब आहे. शिवाय डीएनएत अक्षरे चारच. त्यामुळे काहीही संबंध नसलेले दोन तुकडे समोरासमोर ठेवले तरी साधारण २५ टक्के अक्षरे योगायोगाने जुळतात.

आरबीसीएल आणि मॅटके ही जनुके वापरून लिंबूवर्गीय झाडांचा वंशवृक्ष काढला. मोसंबी संत्र्याजवळ न येता पपनसाला चिकटली. मार्गदर्शक म्हणतात नमुना चुकला, काढून टाक. (एम.एस्सी., मोर्शी)

काढू नका. ही दोन्ही जनुके हरितलवकातली आहेत आणि लिंबूवर्गीय झाडांत हरितलवक आईकडून येते. मोसंबीचा उगम पपनस आणि संत्रा यांच्या संकरातून झाला आहे आणि तिची मातृशाखा पपनसाची आहे. म्हणजे तुमच्या वंशवृक्षाने तिची आई बरोबर ओळखली. बाप त्याला दिसणारच नव्हता.

त्यासाठी पेशीकेंद्रातली जनुके लागतात, तीही एकाहून अधिक. ती पाहिली की मोसंबीत संत्र्याचा वाटा मोठा निघतो. दोन्ही वंशवृक्ष खरे, कारण प्रत्येक वंशवृक्ष त्या त्या जनुकाचा असतो. तो सबंध जातीचा आहे असे धरून चालणे, ही मला सर्वांत जास्त सतावणारी चूक आहे. पेशीकेंद्रातल्या जनुकाची अक्षरे वाचताना यंत्र शिखरांचा जो आलेख काढते, त्यात काही जागी एकावर एक दोन शिखरे दिसतील. यंत्राचा मळ समजून त्यातले एक खोडू नका. तुकडा दोन्ही दिशांनी वाचून घ्या. दोन्ही वाचनांत त्याच जागी दोन शिखरे आली, तर एक अक्षर आईचे आणि एक बापाचे असण्याचीच शक्यता जास्त.

आता नमुन्याचे. पान कुठून तोडले? आपल्याकडे मोसंबीचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. सांध्याखालून फुटलेला काटेरी फुटवा जंबेरीचा असतो. जंबेरी ही संत्रा आणि महाळुंग यांचा संकर, आणि तिची आई संत्रावर्गातली. त्या फुटव्याचे पान घेतले तर ‘मोसंबी’ थेट संत्र्याशेजारी येऊन बसेल. सगळ्यांना तेच अपेक्षित असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून सांध्याच्या वरचे कोवळे पान घ्या, झाडाला खूण करा, सांध्याचा फोटो ठेवा. पान पिशवीत घालून उन्हातान्हात गाडीवरून हिंडवू नका. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये लगेच ठेवा. मूळ आलेख घेऊन मार्गदर्शकांसमोर बसा. तरीही एकमत झाले नाही, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या जैवतंत्रज्ञानाच्या माणसाला दाखवा.

रोपवाटिकावाला कागद दाखवतो : ‘आरबीसीएल ९९.८ टक्के जुळले, शुद्ध नागपुरी संत्रा.’ रोपामागे पैसे जास्त मागतो. (बागायतदार, वरुड)

देऊ नका. वरचे उत्तर वाचा. आरबीसीएल लिंबूवर्गात इतके कमी बदलते की संत्रा आणि जंबेरी यांतही त्याच्या भरवशावर निवाडा करता येत नाही. वाण ओळखणे तर दूरच. त्या कागदावरून एवढेच कळते की रोप लिंबूवर्गातले आहे, आणि ते तुम्हाला पान चुरडून वास घेतला तरी कळते. वाणासाठी पेशीकेंद्रातले अनेक मार्कर (ओळखखुणा) तपासावे लागतात. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा या रोगांची तपासणी वेगळी, आणि तुमच्या खिशाला खरी झळ तिथे बसते. त्याचा अहवाल मागा. खरेदीआधी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारून घ्या.

वंशवृक्षातल्या एका फांदीचा बूटस्ट्रॅप ४३ आला. चालेल का?

नाही. बूटस्ट्रॅप म्हणजे अनुक्रमातल्या जागा पुन्हा पुन्हा उचलून वंशवृक्ष काढला, तर तीच फांदी किती टक्के वेळा येते तो आकडा. १००० फेऱ्यांत तो ७० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या फांदीवर काही बोलू नका.

गुलाबी बोंडअळ्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्या आहेत. सीओआय (जात ओळखायला वापरतात ते मायटोकाँड्रियातले) जनुक वाचता येईल का? (महाविद्यालय, यवतमाळ जिल्हा)

भरवसा नाही. फॉर्मॅलिन डीएनएला जखडते आणि तोडते, आणि बाटली जितके दिवस पडून राहील तितके नुकसान वाढते. नव्या अळ्या घ्या आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका. अळीच्या अंगातले पाणी सुटून इथेनॉल पातळ होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. डीएनए काढायला डोके आणि छातीचा भाग वापरा, पोट नको. पोटात कधी परजीवी गांधीलमाशीची पिल्ले असतात आणि मग अनुक्रम त्यांचा येतो. सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा मिळाला की कीटकांच्या मायटोकाँड्रियाची संकेतसारणी (कोणत्या तीन अक्षरांतून प्रथिनाचा कोणता घटक होतो ते सांगणारा तक्ता), म्हणजे सारणी ५, निवडून प्रथिनात वाचून पाहा. नेहमीची सारणी ठेवली तर टीजीए हा तीन अक्षरांचा संकेत प्रथिन संपल्याच्या थांब्यासारखा दिसतो आणि चांगला नमुना उगाच फेकला जातो. योग्य सारणीतही मधेच थांबा आला, तर पेशीकेंद्रात शिरलेली जुनी नक्कल वाचली गेली असावी. तो अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक अनुक्रमसंग्रहात घालण्याआधी जाणत्या कीटकशास्त्रज्ञाला दाखवा.