गिरणीच्या पाटीवरचे फूल

पिठाच्या गिरणीच्या पाटीवर 'फ्लोअर मिल' लिहावे की 'फ्लॉवर मिल', आणि उच्चार एक पण अर्थ निराळे असे शब्द इंग्रजीत कसे तयार होतात, असे कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे. 'फ्लोअर मिल' चूक आहे. फ्लोअर म्हणजे जमीन किंवा मजला. पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत ही पाटी इतकी बोकाळली आहे की दळणाचा डबा घेऊन रांगेत उभे राहिले की ती डोळ्यांना टोचत राहते. पिठाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग निराळे असले, तरी त्याचा प्रमाण ब्रिटिश उच्चार फुलाच्या 'फ्लॉवर'सारखाच होतो. म्हणून इंग्रजी शब्दच हवा असेल तर 'फ्लॉवर मिल' लिहावे. मी मात्र 'पिठाची गिरणी' असेच लिहीन.

हा सारखेपणा योगायोगाचा नाही, कारण हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. लॅटिन 'फ्लोस' म्हणजे फूल. त्यावरून फ्रेंच 'फ्लर' आला आणि तोच इंग्रजीत गेला. दळलेल्या धान्याचा सर्वांत बारीक, उत्तम अंश म्हणजे त्याचे 'फूल', अशी कल्पना होती. फ्रेंचमध्ये त्याला आजही 'पिठाचे फूल' अशा अर्थाचाच शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे पुरणपोळीसाठी जे सपीट काढतात, गहू दळून, चाळून, वस्त्रगाळ करून हाती येते ते, नेमके हेच. पुढे इंग्रजीत 'उत्तम अंश' ही अट गळली आणि कोणत्याही पिठाला तो शब्द लागू झाला. स्पेलिंगची फारकत तर फारच सावकाश झाली: 1755 साली निघालेल्या सॅम्युअल जॉन्सनच्या कोशातही पिठाचा अर्थ फुलाच्याच स्पेलिंगखाली दिलेला आहे. असे असताना शाळेतली व्याकरणाची मार्गदर्शके ही जोडी 'परस्परांशी संबंध नसलेले शब्द' म्हणून मुलांकडून पाठ करून घेतात, हे मला अक्षम्य वाटते.

उत्तम अंशाला फूल म्हणण्याची दृष्टी केवळ युरोपची नव्हे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपल्याकडे जस्ताच्या शुभ्र भस्माला जस्तफूल म्हणतात आणि संस्कृतात डोळ्यांत घालायच्या एका अंजनाला पुष्पांजन असे नाव आहे. चाळणीतून किंवा भट्टीतून जे हलके, शुद्ध होऊन वर येते, ते पाहणाऱ्याला उमललेलेच दिसत असले पाहिजे.

मात्र येथे एक उडी मारण्याचा मोह आवरावा. 'फ्लॉवर' हा शब्द आपल्या 'फूल'पासूनच निघाला, किंवा दोन्हींचे मूळ एक, असे आपले काही हौशी व्युत्पत्तिकार ठासून सांगतात; ते सपशेल चूक आहे. लॅटिनमध्ये शब्दारंभी जेथे 'फ' येतो, तेथे अनेक शब्दांत संस्कृतात 'भ' आणि इंग्रजीत 'ब' सापडतो: लॅटिन 'फ्रातेर', संस्कृत 'भ्राता', इंग्रजी 'ब्रदर'. त्या हिशेबाने 'फ्लोस'ची इंग्रजीतील सख्खी भावंडे 'ब्लूम' आणि 'ब्लॉसम' ही ठरतात. आपले 'फूल' संस्कृत 'फुल्ल'वरून आले आहे. ज्यांनी हा ध्वनिनियम एकदाही वहीवर मांडून पाहिलेला नाही, त्यांनी कानाला गोड लागणाऱ्या साम्यावर वंशावळी रचू नयेत.

या शब्दाचे आपल्याकडे आणखी एक रूप आहे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामावरून ज्या घराण्याला फुले हे आडनाव मिळाले, त्यातील महात्म्याच्या नावाच्या मंडईत आपण 'अर्धा किलो फ्लॉवर' मागतो तेव्हा इंग्रजी 'कॉलिफ्लॉवर'मधला कोबी गाळून फक्त फूल ठेवतो.

प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. एक शब्द दुभंगून दोन होतात, तसेच दोन निराळे शब्द झिजून एका उच्चारावरही येतात. सूर्याचा 'सन' आणि मुलाचा 'सन' आज कानाला एकच आहेत, पण पहिला आपल्या 'सूर्य' या शब्दाचा नातलग आहे आणि दुसरा संस्कृत 'सूनु' म्हणजे पुत्र याचा.