कथेवर चालणाऱ्या सायकॉलॉजिकल हॉरर गेममध्ये कोडी किंवा वेगवेगळे शेवट असायलाच हवेत का?

असायलाच हवेत असं काही नाही. पण खेळणाऱ्याच्या हातून काहीतरी घडायला मात्र हवं, नाहीतर सिनेमाच बघितलेला काय वाईट?

कोड्यांची मला जरा धास्तीच वाटते. भीती फार टिकत नाही हो. अडकून त्याच बोळातून चौथ्यांदा गेलं की तिथलं भूत शेजारच्या काकांइतकं ओळखीचं होतं. मग माणूस मोबाईलवर उत्तर शोधतो आणि सगळा माहोल जातो. २००१ च्या 'सायलेंट हिल २'मध्ये म्हणूनच मारामारी किती अवघड आणि कोडी किती अवघड हे वेगवेगळं ठरवता येतं.

त्याच गेममध्ये शेवटही अनेक आहेत, पण 'आता निवडा' असं कुठे विचारत नाहीत. जखमी असूनही औषध न घेता फिरलात, अँजेला या पात्राचा सुरा पुन्हापुन्हा काढून बघितलात, की नायक जेम्सला जगायचं नाही असा गेमचा समज होत जातो. मला औषधं 'पुढे लागतील' म्हणून साठवायची खोड आहे. पहिल्या खेपेला त्या चिकटपणापायी माझा जेम्स थेट तळ्यात गेला! नंतर कारण कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

२०१५ च्या 'सोमा'मध्ये उलटं आहे. (खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) नायक सायमनच्या मनाची प्रत नव्या शरीरात जाते आणि जुना सायमन खुर्चीत बेशुद्ध पडून असतो. त्याला बंद करायचं की तसाच सोडायचा, हे तुमच्यावर. काहीही करा, शेवट तोच. मी बंद केला, आणि आपण दया केली की खून, हे अजून ठरत नाही.

'माउथवॉशिंग' (२०२४) तर सरळ एकाच शेवटाकडे जातो. तरी जायबंदी कॅप्टनच्या तोंडात गोळी आपल्यालाच कोंबावी लागते, आणि तो आवाज ऐकून मी हेडफोन काढून ठेवले होते.

तुम्ही एकटेच गेम बनवत असाल, तर चार शेवट लिहीत बसू नका. असा एक प्रसंग शोधा जिथे बटण दाबायला हात धजावणार नाही. कोडं घालायचंच असेल तर ते त्या पात्राच्या मनातलं असू द्या. पियानो वाजवून कुलूप उघडणारं नको.