केट शेपर्ड जन्माने इंग्लंडच्या असूनही न्यूझीलंडच्या इतिहासात त्यांचे नाव एवढे मोठे का आहे, आणि दारूबंदीच्या कामाचा स्त्रियांच्या मताधिकाराशी काय संबंध?

प्रश्नाच्या उत्तरार्धातच पूर्वार्धाचे उत्तर दडलेले असल्यामुळे मी दारूबंदीपासून सुरुवात करतो.

शेपर्ड यांचा जन्म लिव्हरपूलचा, आईवडील स्कॉटिश. वडिलांच्या निधनानंतर काही वर्षांनी, १८६९ साली, त्या आई आणि भावंडांबरोबर न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला येऊन स्थायिक झाल्या. १८८५ मध्ये मेरी लेव्हिट या अमेरिकन कार्यकर्तीच्या दौऱ्यातून तिथे विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेची शाखा निघाली आणि शेपर्ड तिच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. (पंडिता रमाबाईंचा अमेरिकेच्या मुक्कामात ज्या संघटनेशी जवळचा संबंध आला, तीच ही.) नवऱ्याच्या दारूपायी संसार उद्ध्वस्त होत असताना बायकोच्या हाती कायद्याचे कोणतेही बळ नव्हते, त्यामुळे हे काम मुख्यतः स्त्रियांनी उचलले. मुलांना दारू विकू नये, दारूच्या गुत्त्यात स्त्रियांना कामाला ठेवू नये, असे अर्ज त्यांनी संसदेकडे केले. पण ज्यांना मत नाही त्यांच्या अर्जाला किंमतही नाही, एवढाच धडा त्यातून मिळाला. १८८७ साली संघटनेच्या मताधिकार विभागाची देशभराची जबाबदारी शेपर्ड यांच्याकडे आली.

माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य वक्तृत्वापेक्षा संघटनेत होते. पत्रके, वर्तमानपत्रांतील लेख, आमदारांशी सततचा पत्रव्यवहार आणि गावोगावी दारोदार फिरून सह्या गोळा करणाऱ्या बायका, ही सारी यंत्रणा त्यांनी उभी केली. १८९१ च्या अर्जांवर नऊ हजारांहून अधिक सह्या होत्या, पुढच्या वर्षी वीस हजारांच्या वर, आणि १८९३ मध्ये सर्व अर्ज मिळून सुमारे ३२,०००. युरोपीय वंशाच्या प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रियांनी सही केली होती. मुख्य अर्जाचे कागद एकमेकांना चिकटवून झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती गुंडाळले गेले, आणि मताधिकाराच्या बाजूचे संसद सदस्य सर जॉन हॉल यांनी ती सुमारे २७० मीटरची गुंडाळी सभागृहात उलगडली.

तरीही विधेयक मंजूर होणे सोपे नव्हते. पंतप्रधान रिचर्ड सेडन, जे स्वतः एकेकाळी दारूचा गुत्ता चालवत असत, विरोधात होते. वरिष्ठ सभागृहातील एका सदस्याचे मत फिरवण्याची त्यांची खटपट उघड झाली, तेव्हा चिडलेल्या दोन विरोधकांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि ते २० विरुद्ध १८ असे संमत झाले. थोडक्यात, सेडन यांच्या हडेलहप्पीचा फायदा स्त्रियांनाच झाला. १९ सप्टेंबर १८९३ रोजी कायदा झाला आणि तो माओरी स्त्रियांनाही लागू होता. निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर असूनही एक लाखाहून अधिक स्त्रियांनी नावे नोंदवली आणि नव्वद हजारांवर स्त्रियांनी मतदान केले. स्वशासित देशांत राष्ट्रीय निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मत देणारा न्यूझीलंड हा पहिला देश ठरला.

शेपर्ड मात्र तिथे थांबल्या नाहीत. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनच्या त्या पहिल्या अध्यक्षा; विवाहात पतीपत्नींची समानता आणि स्त्रियांना संसदेत निवडून जाण्याचा हक्क या मागण्या त्यांनी तिथून रेटल्या. तो दुसरा हक्क मिळायला १९१९ साल उजाडले, आणि पहिली स्त्री, एलिझाबेथ मॅकोम्ब्स, प्रत्यक्ष निवडून आली ती १९३३ मध्ये, म्हणजे शेपर्ड यांच्या निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी.